चाळीस मीटर खाली: गुलमर्गच्या जंगलातल्या अकरा मिनिटांचं प्रकरण

सातपूरच्या एका कारखान्यात मी सुरक्षा विभागात काम करतो. अपघात होता होता टळला की त्याला आम्ही ‘निअर मिस’ म्हणतो, आणि त्याचा कागद भरायचं काम माझ्याकडे असतं. कुणाला लागलेलं नसतं, मशीन परत सुरू झालेलं असतं, त्यामुळे तो कागद भरायचा सगळ्यांनाच कंटाळा. मला मात्र तो अपघाताच्या अहवालापेक्षा मोलाचा वाटतो. त्यातला माणूस धडधाकट असतो, समोर बसून काय झालं ते सांगतो, आणि पुढच्याचा जीव वाचवायला अजून वेळ असतो.

गेल्या फेब्रुवारीत गुलमर्गला माझ्या मित्राच्या बाबतीत असाच प्रसंग घडला. हा त्याचा कागद. माझं नाव घालू नकोस, बाकी काही लपवू नकोस, असं त्यानं सांगितलंय. माझ्या ओळखीतले नाशिकचेच पाच-सहा ट्रेकर पुढच्या हिवाळ्यात स्कीइंगला जायची तयारी करतायत, आणि आमच्याकडून जे झालं ते सह्याद्रीत तयार झालेल्या कुणाच्याही हातून होईल असं आहे. म्हणून लिहिणं भाग आहे.

दोघांची जुनी सवय

मित्राचं पंचवटीत बांधकाम साहित्याचं दुकान आहे. आम्ही आठवीपासूनचे सोबती. अंजनेरी, रामशेज, हरिहर, साल्हेर, कळसूबाई हे सगळं एकत्रच केलं, काही तर मोजणी सोडून द्यावी इतक्या वेळा. त्यात एक पद्धत आपोआप पडली. मी चढाईला थोडा वेगवान, तो सावकाश आणि पक्का. मी पुढे जायचं, वळणावर किंवा माथ्यावर थांबायचं, तो आला की दोघांनी पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं. हरिहरच्या त्या जवळजवळ उभ्या कातळपायऱ्या चढून मी महादरवाजाशी बसायचो आणि तो खालून यायचा. उशीर झाला की मी हाक मारायचो. सह्याद्रीत हाक मारली की समोरचा कडासुद्धा उत्तर देतो. आणि तशीच वेळ आली तर दहा मिनिटांची वाट मी दोन मिनिटांत उलटी उतरून त्याच्याजवळ पोचू शकत होतो.

ही पद्धत आम्ही कधी ठरवली नव्हती. न ठरवता पडलेली पद्धत कुणी तपासत नाही, आणि या प्रकरणाचं मूळ मला तिथेच दिसतं.

स्कीइंगचं प्राथमिक प्रशिक्षण दोघांनीही गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत घेतलं होतं. हा आमचा तिसरा हिवाळा. दाबून सपाट केलेल्या उतारावर दोघांनाही नीट जमत होतं. मऊ, खोल, न तुडवलेला बर्फ, ज्याला सगळे ‘पावडर’ म्हणतात, त्यात मी जरा बरा आणि तो शिकाऊ.

त्या दिवशीची सकाळ

दोन दिवस बर्फ पडत होता. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीरवर बर्फ टाकतात आणि ते पुढे सरकले की उत्तरेचा गार वारा आपल्याकडे उतरतो. निफाडचा पारा घसरतो, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात, त्यातल्या बऱ्याच थंडीची सुरुवात तिकडे वर झालेली असते. तिसऱ्या दिवशी पहाटे आभाळ स्वच्छ. हॉटेलच्या अंगणात पोल, म्हणजे स्कीइंगची काठी, खुपसून मोजला तर चोवीस तासांचा नवा बर्फ ५५ सेंटिमीटर भरला. थर्मामीटर उणे नऊवर. बर्फ हातात घेतला तर मुठीत गोळा होईना, फुंकर मारली की उडत होता. असा ताजा कोरडा बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो असतो, पाणी हजार किलो. म्हणजे त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त हवाच असते. पुढे जे झालं त्यात या हवेचा मोठा वाटा आहे.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून हजार मीटर वर. तिथून गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,०८० मीटरवर नेतो. तो १९९८ मध्ये सुरू झाला. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ पोचवतो. पावडरसाठी जगभरातून लोक येतात ते या दुसऱ्या टप्प्यासाठी. वर झाडं नाहीत, मोकळे उतार आहेत, आणि तिथेच हिमस्खलनं होतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये हापतखुडच्या बाजूला दोन पोलिश स्कीपटू गेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत एक रशियन. त्याआधी ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान हिमस्खलनात गेले होते. हे आम्हाला माहीत होतं. गेल्या दोन वर्षांत आम्ही वाचलेलं बहुतेक सगळं याच विषयावरचं होतं.

म्हणून सकाळी आमच्या स्थानिक वाटाड्याशी बसून शांतपणे विचार केला. नवा बर्फ भरपूर, रात्री वारा झालेला, बर्फ पडून थांबल्याला चोवीस तासही झालेले नाहीत. वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला साठवतो आणि तिथे एक घट्ट पापुद्रा तयार होतो. खालचा थर कच्चा असला की स्कीच्या वजनानं तो पापुद्रा पाटीसारखा तुटून खाली येतो. बहुतेक स्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात आणि अफरवटवर असे उतार पुष्कळ आहेत. वाटाड्यानं फावड्यानं बर्फाचा एक खांब कापून त्यावर थापट्या मारल्या. मनगटाच्या जोराच्या थापटीला काही झालं नाही, कोपरातून मारल्यावर वरचा भाग स्वच्छ कापल्यासारखा पुढे सरकला. तो म्हणाला, “ऊपर हवा ने बर्फ जमा किया है. आज नहीं.”

आम्ही मान्य केलं. दिवसभर पहिल्याच टप्प्यावर, कोंगडोरीहून खाली गुलमर्गच्या दिशेनं जंगलातून उतरायचं ठरलं. उतार वीस ते पंचवीस अंशांचा, मोबाइलवर मोजलेला. झाडं दाट नाहीत, विरळही नाहीत. दुपारी दुसरा टप्पा उघडला, लोक गेले, आम्ही गेलो नाही. हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

पण त्याचा एक परिणाम झाला तो नोंदवायला हवा. मोठा धोका आपण ओळखला, टाळला, आता उरलेला दिवस सुखाचा, अशी एक ढिलाई मनात आली. कारखान्यात हे मी शंभरदा पाहिलंय. क्रेनचं काम असलं की सगळे हेल्मेट घालून डोळ्यांत तेल घालून उभे असतात, आणि बोट कापतं ते नंतर, साधं पॅकिंग उघडताना.

पावडरमधले ते तीन तास

सकाळचे तीन तास माझ्या आयुष्यातल्या सुंदर तासांपैकी होते, आणि ते लिहिलं नाही तर आम्ही तिथे का गेलो हे कुणाला कळणार नाही.

दाबलेल्या उतारावर स्की करकरते, कडा बर्फात रुतते, पायाला जमीन लागते. पावडरमध्ये आवाजच नाही. स्की गुडघ्याइतक्या बर्फाच्या आत असते, दिसत नाही, फक्त तिचं टोक मधूनमधून वर येतं, गोदावरीच्या पुरात ओंडका वर येतो तसं. सपाट उतारावर शिकलेलं इथे विसरावं लागतं. तिथे वळताना बाहेरच्या पायावर भार द्यायचा असतो. इथे तसं केलं की तो पाय बुडतो आणि दुसरा तरंगत राहतो, दोन्ही पाय दोन दिशांना जातात. दोन्हीवर सारखा भार, पाय जवळ, आणि हळू हळू वर-खाली होत राहायचं, झोक्यावर उभं राहून झोका चढवतो तसं. वेग कमी झाला की बुडायला होतं, म्हणून घाबरून ब्रेक मारणारा माणूस जास्त पडतो. माझा मित्र पहिल्या फेरीत आठ वेळा पडला. तिसऱ्या फेरीत एकदा त्याला सलग दहा-बारा वळणं मिळाली. खाली येऊन तो काही बोललाच नाही. गॉगल काढून डोळे पुसले आणि वर, बर्फात उमटलेल्या स्वतःच्या रेघेकडे बघत उभा राहिला.

या तीन तासांत वाटाड्या आम्हाला कसा नेत होता ते त्या वेळी माझ्या लक्षात आलं नव्हतं, नंतर आठवून आठवून लिहिलंय. तो पुढे. चाळीस-पन्नास पावलं गेला की थांबायचा आणि वर तोंड करून उभा राहायचा. मग माझा मित्र. शेवटी मी. मला एकदा वाटलं होतं की मी बरा आहे तर मला पुढे का सोडत नाही. तो फक्त म्हणायचा, “एक-दूसरे की नज़र में रहना.” मित्राला त्यानं पोलचे पट्टे मनगटातून काढायला लावले होते. झाडांच्या जवळ जाऊ नका, हे तर दर फेरीला सांगायचा. त्यानं एका फरच्या झाडाखाली पोल घालून दाखवला. मूठ बर्फाला टेकेपर्यंत पोल आत गेला, काहीच लागलं नाही.

कारण असं: फरच्या खालच्या फांद्या जमिनीपर्यंत पसरलेल्या असतात. पडणारा बर्फ त्या अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती बर्फ बसत नाही, पोकळी राहते. वरून फांद्या आणि ताजा बर्फ तिच्यावर झाकण घालतात. बाहेरून जमीन दिसते, आत विहीर असते. तिला तिकडे ‘ट्री वेल’ म्हणतात. माणूस तिच्यात बहुतेक वेळा डोक्यावर पडतो, कारण पाय स्कीमुळे फांद्यांत अडकतात. हालचाल केली की फांद्यांवरचा बर्फ अंगावर येतो. उत्तर अमेरिकेत स्वयंसेवकांना मुद्दाम अशा खड्ड्यांत ठेवून प्रयोग केले गेले, तेव्हा दहातल्या नऊ जणांना स्वतःहून बाहेर येता आलं नव्हतं.

हे सगळं आम्ही सकाळी पाहिलं, ऐकलं, मान डोलावली.

दोन वाजून बारा मिनिटं

शुक्रवार होता. एक वाजता वाटाड्या नमाजासाठी गेला. अडीचला परत येतो, तोवर जेवून घ्या, म्हणाला. राजमा-भात झाला, मित्रानं घरून आणलेला चिवडा झाला, काहवा झाला. पावणेदोनला आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ऊन चढत होतं, बर्फ जड होण्याआधी एक फेरी मारू, वाट तर तीच आहे. हे वाक्य माझं होतं.

वर गेलो. कोंगडोरीहून निघताना मी म्हणालो, “मी पुढे होतो, त्या वाकड्या झाडापाशी थांबतो.” तो म्हणाला, “जा, येतो.” वीस-बावीस वर्षं आम्ही हेच बोलत आलोय.

मी वाकड्या झाडाशी थांबलो नाही. बर्फ इतका छान लागत होता की आणखी खालच्या मोकळ्या जागेपर्यंत गेलो, मग वळून वर पाहिलं. झाडं होती, माझी रेघ होती, तो नव्हता.

मी थांबलो. गॉगल पुसत असेल, स्की निघाली असेल. पावडरमध्ये निघालेली स्की शोधायला दहा-दहा मिनिटं लागतात. हाक मारली. ती हाक कुठे गेली ते कळलं नाही. ताजा बर्फ कापसासारखा आवाज पिऊन टाकतो. दुसरी हाक मारली. त्या शांततेत मला स्वतःच्या जॅकेटची सळसळ ऐकू येत होती आणि तेव्हा पोटात खड्डा पडला.

दोघांच्याही अंगावर भाड्यानं घेतलेले ट्रान्सीव्हर होते, हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं यंत्र, जगभर एकाच ४५७ किलोहर्ट्झवर चालणारं. आदल्या दिवशी सराव केला होता. मी माझं यंत्र शोधावर टाकलं. पडद्यावर बाण आला आणि आकडा आला: ३८. हा आकडा सरळ रेषेतलं अंतर दाखवत नाही, लहरींच्या वळणानं मोजतो, पण साधारण कळतं. माझा मित्र माझ्यापासून चाळीसेक मीटर वर होता.

चाळीस मीटर म्हणजे किती? आमच्या शाळेच्या मैदानाची रुंदी. मी स्की काढल्या आणि पळायला लागलो. पहिल्याच पावलाला कमरेपर्यंत आत गेलो. दुसऱ्या पावलासाठी पहिला पाय उपसायला दोन्ही हात लागले. चार-पाच पावलांत छाती फुटायची वेळ आली आणि आकडा ३६ होता. मग कळलं की हे चुकतंय. परत मागे येऊन, बर्फ तुडवून थोडी सपाट जागा केली, बुटाखालचा बर्फ पोलनं खरवडला, स्की आडव्या ठेवून पुन्हा चढवल्या. आता उताराला आडवं उभं राहून बाजूची एकेक पायरी. वरची स्की उचल, दाब, खालची तिच्याजवळ आण. ३१. २७. २४. त्या आकड्यांशिवाय मला त्या वेळचं काही आठवत नाही.

त्याची रेघ माझ्या रेघेपासून डावीकडे गेली होती आणि एका मोठ्या फरशी संपत होती. बर्फाच्या वर बुटाचे दोन तळवे आणि एक स्की, फांदीत अडकलेली. बाकी माणूस नाही.

मी पाय धरून ओढला. वरच्या फांद्यांवरून टोपलीभर बर्फ घसरून आत गेला आणि आतून एक घुसमटलेला आवाज आला. मी ओढणं थांबवलं. फावडं काढलं आणि वरून न खणता, बाजूनं, खालच्या अंगानं, जिथे त्याचं डोकं असेल असं वाटलं तिथे आडवं खणत गेलो. पावडर खणायला हलकी असते, हे आमचं भाग्य. आधी टोपी लागली, मग कान. त्याचा उजवा हात तोंडापुढे वाकलेला होता आणि त्या कोपराच्या बेचक्यात नारळाएवढी हवा होती. तोंड मोकळं केलं. तो बराच वेळ खोकला, थुंकला आणि म्हणाला, “डावा हात सोडव.”

डाव्या मनगटात पोलचा पट्टा होता. जेवणानंतर त्यानं सवयीनं परत घातला होता.

गुडघा मुरगळला होता, बाकी काही नाही. वाटाड्या आला तेव्हा आम्ही दोघं त्याच झाडापासून थोड्या अंतरावर बसलो होतो. त्यानं खड्डा पाहिला, रेघा पाहिल्या, आणि रागावला नाही. मित्राच्या पाठीवर हात ठेवून बसला आणि थर्मासमधला चहा दिला.

अकरा मिनिटांचा हिशोब

दोघांच्या घड्याळांत सगळी नोंद होती. तो पडला २:१२ ला. तोंड मोकळं झालं २:२३ ला. अडीच मिनिटं मी खाली उभा राहून वाट पाहिली. अडीच मिनिटं स्की काढणं, बुडणं आणि परत चढवणं यात गेली. साडेचार मिनिटं चढायला. दीड मिनिट खणायला.

गाडलेल्या माणसाकडे किती वेळ असतो याचे आकडे हिमस्खलनांच्या अभ्यासातून आलेत. स्वित्झर्लंडच्या जुन्या आकडेवारीत पहिल्या पंधरा मिनिटांत काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वाचले, पस्तिसाव्या मिनिटापर्यंत हे प्रमाण तीस टक्क्यांवर आलं होतं. २०२४ मध्ये आलेल्या नव्या अभ्यासानं ती पंधरा मिनिटांची मुदत दहावर आणली. बुंध्याच्या खड्ड्यात मरण येतं तेही गुदमरूनच. माझा मित्र वाचला तो उजवा हात तोंडापुढे राहिला म्हणून. तो हात त्यानं मुद्दाम ठेवला होता का, असं मी विचारलं. त्याला सांगता आलं नाही. “सिमेंटची गोण फुटली की आपण कसं तोंड झाकतो, तसं झालं असेल,” म्हणाला. आतला उजेड निळसर होता, बर्फ मैद्यासारखा नाकात जात होता, आणि हललं की आणखी येत होता. म्हणून दोन-तीन झटक्यांनंतर तो हलायचा थांबला आणि हळू श्वास घेत राहिला. तो ओरडला होता. मला अडतीस मीटरवर एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. शिट्टी होती, बॅगेच्या छातीवरच्या बकलात, तोंडापासून वीतभर खाली. तिथवर तोंड नेणं शक्यच नव्हतं.

कुणाची चूक

यावर आमचं अजूनही एकमत नाही.

मित्राचं म्हणणं सरळ आहे: मी मागे रेललो, स्की वळली नाही, झाडाजवळ चांगला बर्फ दिसला म्हणून तिकडे गेलो, पट्टा घातला. चूक माझी. तू आलास, काढलंस, विषय संपला.

मला हे मान्य नाही. कारखान्यात ‘कामगाराचं दुर्लक्ष’ असं लिहिलेला कागद मी परत पाठवतो. माणूस चुकणारच. आठ तास मशीनवर उभा राहिलेला माणूस एकदा तरी हात चुकीच्या जागी नेणार, आणि पावडर शिकणारा माणूस पडणारच, तो सकाळपासून पडतच होता. प्रश्न असा विचारायचा की तो पडल्यावर काय झालं, आणि तसं का झालं. अकरा मिनिटं का लागली? कारण मी खाली होतो. खाली का होतो? कारण पुढे गेलो. पुढे का गेलो? कारण आम्ही नेहमी तसंच जातो. आणि नेहमी तसं जाणं आजवर चाललं, कारण सह्याद्रीत पुढे गेलेला माणूस परत येऊ शकतो.

खोल बर्फात तो परत येऊ शकत नाही. उतरायला काही सेकंद लागतात, चढायला त्याच्या कितीतरी पट मिनिटं. मी अडीच मिनिटं थांबलोच नसतो, स्की काढल्याच नसत्या, सगळं अचूक केलं असतं, तरी चढून, खणून त्याचं तोंड मोकळं करायला सहा मिनिटं लागलीच असती. तेच मी वीस मीटर वर असतो तर घसरत काही सेकंदांत पोचलो असतो. वाटाड्यानं सकाळभर मला शेवटी ठेवलं होतं ते याचसाठी. जो मदत करू शकतो तो वर हवा. त्याला ते समजावून सांगावंसं वाटलं नसेल, त्याच्यासाठी ते उघड होतं. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मित्र म्हणतो, मग तुझी चूक म्हण. तेही मी लिहून ठेवलंय: आणखी खाली जाणं माझं होतं, वाट बघणं माझं होतं, ‘वाट तर तीच आहे’ हे वाक्य माझं होतं. पण एवढ्यावर कागद बंद केला तर पुढच्या दोघांना काही मिळत नाही. ते म्हणतील, आम्ही त्यांच्यापेक्षा काळजीनं जाऊ. काळजीनं जाऊन अंतर कमी होत नाही.

त्यानंतर

तिथे आणखी दोन दिवस होतो. मित्राचा गुडघा बांधलेला, त्यामुळे एकच दिवस उतरलो, तोही वाटाड्याबरोबर. नंतर नाशिकला येऊन आम्ही आमचे नियम लिहून काढले. दोघंच असू तेव्हा एकाच रेघेवर मागे-पुढे जायचं नाही, शेजारी-शेजारी दोन रेघांवर जायचं, दर दहा-बारा वळणांना थांबायचं. मी त्याच्याहून खाली कधीही पंधरा मीटरपेक्षा जास्त जायचं नाही. नजरेआड झाला की मनात दहा आकडे मोजायचे आणि अकराव्याला चढायला लागायचं, हाक नंतर. झाडांत पोलचे पट्टे कापूनच टाकायचे, काढून ठेवायचे नाहीत, कारण काढलेली गोष्ट सवयीनं परत घातली जाते. शिट्टी जॅकेटच्या कॉलरला शिवायची, दातांत येईल अशी.

एका रविवारी त्याच्या गोदामात वाळूच्या ढिगाऱ्यावर सराव केला. वाळू बर्फासारखी नसते, पण घसरते तशीच. त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि त्याच्या मुलाला बाहेर काढायला सांगितलं. मुलगा वरून उपसायला लागला. जेवढी वाळू काढी तेवढी पुन्हा येई. मग मी त्याला ढिगाच्या पायथ्याशी बसवलं आणि बाजूनं आत शिरायला लावलं, उपसलेली वाळू मागे ढकलत. मिनिटभरात बोटं दिसली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. गुलमर्गला काय झालं ते त्याच दिवशी त्यांना नीट कळलं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “पुढच्या वेळी भावजी वर असतील ना?” मी हो म्हटलं.

परवा हरिहरला गेलो होतो. पायऱ्यांवर मी त्याच्या मागे होतो. तिथे त्याची गरज नाही, तिथे पुढचा माणूस सहज परत येऊ शकतो, पण पाय आपोआप मागे थांबले. महादरवाजाशी पोचायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

दोन्ही घड्याळांतल्या नोंदी मी नकाशावर एकत्र लावून ठेवल्यात, पुढच्या मोसमात जाणाऱ्या सगळ्यांना दाखवतो. कोंगडोरीपासून दोन रेघा जवळजवळ निघतात, झाडांत शिरतात, थोड्या लांब होतात. २:१२ ला डावीकडची रेघ एका ठिपक्यात थांबते. उजवीकडची तिच्यापुढे आणखी चौदा सेकंद खाली जात राहते.